पानबाईच्या वरघोड्याची गाडी

पीयूषचा मुळात मेकॅनिक या जमातीवरच विश्वास नव्हता. त्यातून वारूळवाडीचा बहिरू कमी बोलणारा, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवणारा.

पीयूषची आई पानबाई हिचं वर्षीतप हे जैन व्रत पुरं होत आलं होतं. वर्षभर एक दिवसाआड उपास, तेही शहात्तराव्या वर्षी. पारण्याच्या सकाळी नारायणगावच्या पेठेतून तिचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक निघणार होती, आणि तिला बसायचं होतं ते गेलेल्या नवऱ्याच्या, सुगनशेठच्या जुन्या गाडीतच. पण बँडमागे माणसाच्या चालीनं चढ चढायचा म्हटलं, की ही गाडी गचके खाऊन बंद पडे. म्हणून ती बहिरूकडे दिली होती.

चौथ्या दिवशी पीयूष न सांगता गॅरेजात धडकला. बॉनेट उघडून बघतो तर वडिलांनी हौसेनं बसवलेला मोठा कार्बोरेटर गायब, जागी एक चिमुकला जुना. मीटर दीडशे किलोमीटर पुढे. आणि मागच्या सीटखाली कांद्याची सालं. ज्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घराच्या गाडीत.

"भाडी मारलीस?"

"न्हाई शेठ. भरल्या गाडीचं वजन पायजे व्हतं. घरच्या कांद्याच्या गोण्या घातल्या नि तीनदा शिनोलीकडच्या चढाला जाऊन पायी चालीनं चढवली. मोठा कार्बोरेटर पळायला बरा. हळू चालताना वढ पायजे तर बारीक तोंडाचाच लागतो. तुमचा फळीवर ठेवलाय." मग तो ओशाळला. "कांद्याचं ध्यानात नाय आलं. चुकलंच."

पीयूषला यातलं फक्त शेवटचं पटलं. मोठं काढून लहान कुणी घालतं का? त्यानं फळीवरचा कार्बोरेटर उचलला, गाडी नेली, दुसऱ्या मेकॅनिककडून तो परत बसवून घेतला आणि सीट तीनदा धुतली.

पारण्याच्या सकाळी पेठेतल्या चढावर बँड रंगात आला, चाल मंदावली. गाडीनं दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. पीयूष चावी फिरवत राहिला. नुसतीच घरघर. माणसं माना उंच करून पाहू लागली.

आईनं दार उघडलं. "राहू दे. मी चालते."

पीयूषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपाशी आई त्याच्या देखत चढ चढू लागली. चार पावलांवर तिचा तोल गेला, तेव्हा गर्दीतून पुढे होऊन तिला बहिरूनं सावरलं.

"चला काकी, सावकाश," तो म्हणाला.

पीयूषकडे त्यानं पाहिलंही नाही, आणि पीयूषला त्याला हाक मारायला तोंड राहिलं नव्हतं. आई बहिरूचा हात धरून जैन स्थानकापर्यंत, पारण्याच्या जागी गेली. पोटचा पोरगा मागे गाडी ढकलत राहिला.