गॅलरीतली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, असं म्हणायला सुरुवात करते खरी, पण तिथेच माझा गोंधळ होतो. मला हँडल आहे, सीट आहे, दोन पेडल आहेत. चाक मात्र एकच, आणि ते कितीही फिरलं तरी मी जागची हलत नाही. दुकानदार मला ‘मशीन’ म्हणायचा. जबलपूरच्या चेरीतालमधल्या ज्या घरी मी आले, तिथे लवकरच मला ‘स्टँड’ म्हणू लागले. आता तुम्हीच सांगा, मी नक्की कोण?

मला शशिकांतरावांनी आणलं. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला. तिथल्या तपासणीत त्यांच्या रक्तात साखर जास्त निघाली, म्हणून माझ्यासोबत नवे बूट आणि नवा टॉवेलही आला. “उद्यापासून रोज एक तास! चलो, पक्का!” पहिल्या दिवशी त्यांनी खरोखर तासभर धापा टाकत पेडल मारले. मला केवढा अभिमान वाटला! दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय आखडले. तिसऱ्या दिवशी ‘सोमवारपासून’ असं ठरलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्या वाट्याला तेवढेही आले नाहीत. मग मला पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत ढकललं आणि हँडलवर त्यांचेच बनियान वाळू लागले. सोमवार किती आले नि गेले. माझं काय चुकलं, ते मला कळेना.

पुढे त्यांच्या पत्नी ज्योतीताई जिन्यावरून घसरल्या. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. पाय रोज थोडा थोडा हलवला नाही तर तो असाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलं. शशिकांतरावांनी लगेच बनियान उचलून मला पुसलं.

“एक तास कर,” ते खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

ज्योतीताईंनी पेडलवर जोर दिला आणि त्या कळवळल्या. “नाही होत जी. तुमचा तास तुमच्यापाशीच ठेवा!” डोळे पुसत त्या आत गेल्या. माझ्यावर पुन्हा बनियान आले. आपल्यामुळेच त्यांना दुखलं, याचं मला फार वाईट वाटलं.

हिवाळा आला. भाजीवाला बळीराम गल्लीत ओरडत यायचा, “मटर ले लो दीदी, पाटन का मीठा मटर!” ज्योतीताई वरून दोरीने टोपली सोडायच्या आणि वर आलेल्या शेंगा पाहून चिडायच्या. “अर्ध्या तं पोचटच आहेत! खाली असती तं एकेक निवडून घेतली असती.” आपल्या पायांनी जिना उतरून भाजी घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी होईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्यांना जमिनीवर बसता येत नव्हतं आणि खुर्चीतून कठड्यापलीकडची गल्ली दिसत नव्हती. म्हणून एका सकाळी चहा झाल्यावर त्या भिंतीला धरून माझ्या सीटवर बसल्या. शेंगांची पिशवी हँडलच्या एका मुठीला अडकवली, सालींची दुसऱ्या मुठीला, आणि दाण्यांचा डबा कठड्यावर ठेवला. पाय कुठेतरी ठेवायचे म्हणून पेडलवर ठेवले. सोलता सोलता पेडल जरा पुढे, जरा मागे होऊ लागले. पिशवी रिकामी झाली की त्या उतरल्या. याला व्यायाम म्हणायचं का? ना बूट, ना टॉवेल, ना घाम! मी पार चक्रावून गेले. पण दुसऱ्या दिवशी चहा झाला आणि त्या आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या.

असंच एकदा गल्लीतल्या कोणाशी बोलता बोलता चाक पूर्ण फिरलं. “अहो, फिरलं!” त्या केवढ्यांदा ओरडल्या!

मग मटारचा हंगाम संपला आणि मी धास्तावले. आता त्या कशाला येतील? पण चहा झाला आणि त्या आल्याच, रिकाम्या हातांनी.

“मटर तं संपले. आता काहून बसून राहिली?” शशिकांतरावांनी विचारलं.

“मालूम नाही जी. चहा झाला का पाय इकडंच येतात.”

हे उत्तर मला अजूनही नीट समजलेलं नाही. ज्यांनी एवढा निश्चय केला ते आले नाहीत, आणि ज्यांनी काही ठरवलंच नव्हतं त्या रोज आल्या.

उन्हाळा लागता लागता एके दिवशी माझी सीट रिकामीच राहिली. चहा होऊन गेला, ऊन कठड्यावरून सरकलं, तरी ज्योतीताई आल्या नाहीत. माझ्या मनात नाही नाही ते आलं. तेवढ्यात खालून आवाज आला, “भैया, ये भिंडी कडी है, मुझे चुनने दो!” ज्योतीताई बळीरामच्या ठेल्यापाशी उभ्या होत्या. एका हाताने ठेला धरून दुसऱ्या हाताने भेंडीची टोकं मोडून पाहत होत्या.

शशिकांतराव चहाचा कप घेऊन गॅलरीत आले. बराच वेळ ते खाली पाहत राहिले. मग पायात चप्पल तशीच ठेवून माझ्यावर बसले, चहा संपेपर्यंत पेडल मारले आणि उतरले. आता ते पुन्हा ‘एक तास’ म्हणतील, म्हणून मी जीव मुठीत धरून होते. पण ते रिकामा कप घेऊन आत गेले.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी मी शहाणी नाही, माझाच गोंधळ अजून मिटलेला नाही. पण तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी धूळ खात उभं असेल, तर त्याला पुसा आणि थोडाच वेळ बसा. मोठमोठ्या शपथा घेऊ नका. फक्त उद्याही या.