पूंजोलैचा रिकामा फलाट

मी एक जुना रेल्वेमार्ग आहे, मित्रांनो, पण मला शोधायला वेळापत्रक उघडू नका. माझे रूळ लोखंडाचे नाहीत आणि माझ्या खडीने आजवर कुणाचा पाय सोलवटलेला नाही. आगगाडी चालवण्याचा जो खेळ कॉम्प्युटरवर असतो, त्या खेळासाठी एका माणसाने दीड वर्ष मान मोडून मला घडवलं. एकेचाळीस किलोमीटर, सात स्टेशनं, दोन पूल. लोक मला फार सुंदर म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म २००३ साली चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये झाला. मला घडवणारा शेषाद्री बँकेत कारकून होता. घराणं तंजावरी मराठी. घरात बोली जुनी मराठी आणि मधूनमधून तमिळ. त्याचे वडील पद्मनाभराव कावेरीच्या खोऱ्यातल्या एका मीटरगेज फाट्यावर, पूंजोलै नावाच्या स्टेशनात, एकवीस वर्षं स्टेशनमास्तर होते. पुढे तो फाटा रुंद करायला घेतला, रूळ उखडले, आणि कौलारू स्टेशनही पाडलं. ते कळल्यापासून म्हातारा अर्ध्या जेवणावरून उठायला लागला. शेषाद्रीने मनाशी घेतलं की जमिनीवर नाही तर पडद्यावर, पण फाटा पुन्हा टाकायचा.

हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. खेळात रूळ तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागतात. एक वळण जरासं चुकलं की पुढचा सगळा मार्ग भाताच्या शेतात शिरतो. माझा दुसरा पूल तर तीनदा पाण्याखाली गेला. बँकेतून आल्यावर शर्टही न बदलता शेषाद्री माझ्यासमोर बसे, आणि त्याच्या पाठीमागे वेताच्या खुर्चीत पद्मनाभराव. चुका काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"करंजाचं झाड तिकडे नोको, पा. विहिरीच्या अलीकडे."

"मग सिग्नल दिसत नाही, अप्पा."

"नव्हताच दिसत. म्हणून तर मी बाहेर येऊन उभा राहत होतों."

शेषाद्रीचा हात तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने बँकेतल्या कुणाचा तरी डिजिटल कॅमेरा मागून आणला. पद्मनाभरावांचा पितळी बटणांचा पांढरा कोट ट्रंकेतून निघाला. गच्चीवर, वाळत घातलेल्या वडगांच्या, म्हणजे तिकडच्या सांडग्यांच्या, शेजारी, म्हातारा हातात हिरवं निशाण घेऊन उभा राहिला आणि मुलाने समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी त्याचे फोटो घेतले. त्या फोटोंवरून खेळातला स्टेशनमास्तर तयार झाला आणि पूंजोलैच्या फलाटावर, करंजाच्या सावलीत, जाऊन उभा राहिला. माप थोडं चुकलं होतं. स्टेशनच्या दारापेक्षा अप्पा वीतभर उंच झाले होते. शेषाद्री दुरुस्त करायला निघाला तर त्यांनी त्याचा खांदा धरला.

"असूं दे. नोकरींत होतों तेव्हां येवढाच होतों मी."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला जे काही सुख मिळालं ते त्या दिवसाचं.

पुढे २००५ च्या सुरुवातीला मी पुरा झालो. असे मार्ग घडवणारे लोक एकमेकांना ते फुकट वाटतात, इंटरनेटवर त्यांचा एक फोरम असतो. शेषाद्रीने मला तिथे पाठवायची तयारी केली, तेव्हा त्याची बायको कनका कॉफीचा टंबलर घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"हें अस्कं जग बघंल?"

"साऱ्या जगानं बघावं म्हणूनच पाठवतों की."

"मग मामंजींना आधीं काढा त्यांतून. जितं माणूस असं चारचौघांत उभं करूं नोका. दृष्टि लागते."

मित्रांनो, कनकाला हसू नका. दाराशी दृष्टीचा भोपळा बांधणारी ती साधी बाई. पण सासऱ्याच्या कॉफीत साखर किती, हे घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा जीव होता म्हणून तिला भीती होती. शेषाद्रीने तिचं ऐकलं आणि माझ्या दोन प्रती केल्या. एक घरची, तिच्यात अप्पा उभे. दुसरी लोकांची, तिच्यात फलाट रिकामा. मी ती लोकांची प्रत.

मग मी जगभर गेलो. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसाने लिहिलं की दर रविवारी तो माझ्यावरून प्रवास करतो. एकाने माझी नारळाची झाडं मोजली आणि दोन जास्त असल्याची तक्रार केली. कौतुक खूप झालं. शेषाद्री ते तमिळमध्ये, मराठीत, जमेल तसं अप्पांना वाचून दाखवी, आणि अप्पा म्हणत, "माणूस नसतां स्टेशन त्यांस बरं कसं वाटलं?"

मार्च २००६ मध्ये पद्मनाभराव गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. त्यानंतर शेषाद्री फक्त घरची प्रत उघडायचा. गाडी पूंजोलैला आणायची, थांबवायची, आणि पांढऱ्या कोटाकडे बघत बसायचं. मी त्याच डिस्कवर पडून होतो, पण माझ्याकडे तो फिरकला नाही. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण त्याचं बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी नवरात्रातल्या सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी त्याने जुना कॉम्प्युटर देऊन नवा घेतला. देण्याआधी घरची प्रत आणि गच्चीवरचे फोटो त्याने सीडीवर उतरवले. दोन सीड्या आणल्या होत्या. एक उतरवतानाच खराब झाली. राहिलेली एक नव्या मशीनवर लावून बघितली, अप्पा दिसले, तो निर्धास्त झाला. लोकांची प्रत फोरमवर होतीच, ती कशाला ठेवायची, म्हणून मला त्याने घेतलंही नाही. सीडीवरचं मशीनमध्ये उतरवणं आणि आणखी प्रत काढणं पूजेनंतर करू, असं त्याने ठरवलं. कारण तिथला रिवाज असा की पूजेला मांडलेली पुस्तकं आणि हत्यारं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हातात घ्यायची नाहीत.

कनकाने सगळं मांडलं. विळी, कात्री, स्कूटरची किल्ली, नवा कीबोर्ड, बँकेचं पेन. मध्यभागी ती सीडी, चकचकीत बाजू वर करून, कारण देवापुढे चांगली बाजूच ठेवायची असते. सगळ्यांबरोबर तिलाही ओल्या चंदनाचे पाच ठिपके आणि त्यावर कुंकू. रात्रभरात ते वाळून घट्ट बसलं. सकाळी शेषाद्री अंघोळीला गेलेला. मशीनमध्ये धूळ गेलेली चालत नाही, असं तो नेहमी सांगे. म्हणून कनकाने ती सीडी नळाखाली धरली आणि पितळेचं ताट घासतात तशी काथ्याने घासून लख्ख केली.

सीडी पुन्हा कधी चालली नाही. शेषाद्री तीन दुकानं फिरला. जुना कॉम्प्युटर दिला होता तिथे गेला, तर त्यातली डिस्क पुसून विकलीही होती. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं मी नंतर ऐकलं. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात आशिष नावाचा पुण्याचा इंजिनीयर होता, फोरमवरच शेषाद्रीशी ओळख झालेला. शेषाद्रीकडे स्वतःचाच मार्ग उरला नाही एवढंच त्याला कळलं, म्हणून एका रविवारी तो मला सीडीवर घेऊन आला. मोठ्या उत्साहाने त्याने स्वतःच गाडी चालवली आणि पूंजोलैला थांबवली.

"काका, एक विचारू? बाकी सगळ्या स्टेशनांवर माणसं आहेत, इथेच कुणी नाही. स्टेशनमास्तर ठेवायचा राहिला का?"

दारातून कनका, धाकट्या भावाला हाक मारावी तशी, म्हणाली, "राहिला नाही, तंबी. मीच काढविला. आणि घरांत ठेवला होता, तोहि मीच घासून टाकला."

"पुरे, कनका," शेषाद्री म्हणाला. मग त्यानेच सगळं सांगितलं. आशिषला कुठे तोंड लपवू असं झालं.

शेषाद्रीने अप्पांना पुन्हा घडवून पाहिलं. घरात उरला होता तो पेन्शनच्या पुस्तकावरचा फोटो, तिकिटाएवढा, फक्त समोरून, आणि कोटाशिवाय. त्यावरून केलेला माणूस गाडी जवळ आली की कागदासारखा चपटा दिसे. दोन दिवस ठेवून शेषाद्रीनेच तो काढून टाकला.

आज मी तीनशेवर घरांत आहे. मला मरणाची भीती नाही; एका घरातून गेलो तरी दुसऱ्यात असेनच. ज्याला जपून घरात ठेवलं तोच तेवढा गेला.

शेषाद्री आता मला उघडत नाही. दुपारी तो बँकेत असताना कनका उघडते. तिला दोनच कळा येतात, गाडी सोडायची आणि थांबवायची. पूंजोलैला ती गाडी थांबवते आणि सुटायची वेळ टळून गेली तरी सोडत नाही. एकदा हलक्या आवाजात म्हणाली, "मामंजी, चुकलें मी." मी तिला फलाट दाखवला, विहीर दाखवली, करंजाचं झाड दाखवलं. तिला हवं होतं ते माझ्यापाशी नव्हतं. तुमच्यापाशी असं कुणी एकाच प्रतीत असेल, मित्रांनो, तर आजच दुसरी काढा, आणि ती घराबाहेर कुणाला तरी देऊन ठेवा.