टपालबाईंचा दावा

टपालबाईंना त्या भागात नावाने कुणी हाक मारत नसे. एकोणीस वर्षं त्याच सात गल्ल्यांत पत्रं वाटली की माणसाचं नाव मागे पडतं आणि काम पुढे होतं. कुठल्या घरचा कुत्रा मोकळा असतो, कुठली घंटा वाजत नाही, कोण सहीला दहा मिनिटं लावतं, सगळं त्यांना तोंडपाठ. चार मजल्यांच्या पिवळ्या इमारतीत त्या दिवसाआड जात. एका हातात पत्रांचा गठ्ठा, दुसऱ्या हाताने पाकिटं चाळत चढायचं, त्यामुळे जिन्याच्या कठड्याला हात लावायची वेळच येत नसे. पण त्या दिवशी वरून दोन हमाल कपाट घेऊन उतरत होते. त्यांना वाट द्यायला त्या कडेला सरकल्या, कठडा धरला, आणि कठडा त्यांच्यासकट खाली गेला.

उजव्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि सांगितलं की चालता येईल, पण चौथा मजला आता विसरा.

तिसऱ्या दिवशी इमारतीचा व्यवस्थापक सफरचंदं घेऊन दवाखान्यात आला. मालकांना फार वाईट वाटलं, म्हणाला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. "नुसती सही हवी, औपचारिकता म्हणून."

टपालबाई आजवर दुसऱ्यांच्या सह्या घेत आल्या होत्या. न वाचता सही करणारी माणसं पुढे कशी पस्तावतात हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा मागवून घेतला आणि कागद शांतपणे वाचला. अपघात आपल्याच निष्काळजीपणाने झाला, मालकांबद्दल काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी कागद परत दिला. सफरचंदं मात्र ठेवून घेतली.

नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होता. त्याला कोर्टाची धास्ती होती. "अगं, त्यांच्याकडे वकिलांची फौज असेल. आपण कुठे पुरे पडणार?" असं तो रोज एकदा तरी म्हणे. टपालबाई ऐकून घेत. दोन महिन्यांनी कुबड्या आल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मला वकिलाकडे सोडता का, की मी रिक्षा करू?" त्याने स्कूटर काढली.

वकीलबाई तरुण होत्या. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली, खोलीत टेबल एक आणि खुर्च्या तीन, त्यातली एक डुगडुगणारी. त्यांनी सगळं ऐकलं आणि एक यादी लिहून दिली. दवाखान्याचे कागद, क्ष-किरणाच्या फिल्म, रजेचा दाखला, तुटलेल्या कठड्याचे फोटो, त्या दोन हमालांचा पत्ता. "ताई, दावा रागावर चालत नाही, कागदावर चालतो," त्या म्हणाल्या. टपालबाईंना हे फार पटलं. हमालांचा पत्ता शोधायला त्यांना एक दुपार पुरली. उभा जन्म पत्ते शोधण्यात गेलेला.

आधी मालकाला नोटीस गेली. उत्तर आलं ते वाचून नवऱ्याचाही पारा चढला. बाई मोबाइलवर बोलत चढत होत्या, कठडा भक्कम होता, आणि त्याबद्दल आजवर कोणाचीही तक्रार आलेली नाही, असं मालकाने ठोकून दिलं होतं.

ते उत्तर आलं त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका त्यांना भेटायला घरी आल्या. टपालबाईंनी बोलता बोलता उत्तराचं सांगितलं. शिक्षिकाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तक्रार आली नाही? अगं, कठडा हलतो म्हणून मी त्यांना रजिस्टर पत्र पाठवलं होतं. तूच तर नेऊन दिलंस."

टपालबाईंना आतला मजकूर कुठून ठाऊक असणार? पण तळमजल्यावरच्या कचेरीत व्यवस्थापकाला दिलेलं ते लांबट पाकीट त्यांना लख्ख आठवलं. पोचपावती आणि पत्राची नक्कल शिक्षिकाबाईंनी जपून ठेवली होती. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या जपलेल्या बाई त्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद वकीलबाईंच्या टेबलावर होते.

तरीही दावा दाखल होईपर्यंत नाकी नऊ आले. एक हमाल गावी गेलेला, त्याची वाट पाहण्यात महिने गेले. रजेच्या दाखल्यावर शिक्का नव्हता. सगळं जमलं तेव्हा मुदत संपायला चारच दिवस उरले होते. कोर्टात दावे दाखल करण्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने गठ्ठा चाळला आणि हरकतींचा कागद हातात ठेवला. पानांवर आकडे नाहीत, डॉक्टरांच्या अहवालाची प्रत पुसट, प्रतिज्ञापत्राच्या एका पानावर सही राहिलेली. वकीलबाईंचा चेहरा उतरला. डॉक्टर नेमके परगावी होते.

टपालबाई कुबड्या टेकत दवाखान्याच्या जुन्या कागदांच्या खोलीत गेल्या. तिथल्या माणसाने उद्या या म्हटलं, परवा या म्हटलं. परवा त्या सकाळी आठलाच दारात जाऊन बसल्या. दुपारी बाराला स्वच्छ प्रत हातात पडली. एकशे बारा पानांवर आकडे नवऱ्याने घातले, नटबोल्ट मोजावेत तसे, जीभ दातांत धरून.

शेवटच्या दिवशी खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना कारकुनाने पान न पान पाहिलं. मग शिक्का उचलून दाणकन मारला आणि दाव्याचा क्रमांक लिहिला. टपालबाईंनी तो दोनदा वाचला. इतके दिवस त्या नुसत्या पडलेल्या बाई होत्या, आता वादी झाल्या. नवरा म्हणाला, "झालं बुवा एकदाचं," आणि भर कचेरीत बायकोचा हात धरून उभा राहिला.

साक्षीला त्या उभ्या राहिल्या तेव्हा मालकाचे वकील पोचपावतीवर तुटून पडले. सही कुणाचीही असेल, म्हणाले. मग टपाल कचेरीची वाटपवही पुढे आली. वकिलांनी ती उंच धरली.

"ही नोंद तुमच्याच हातची ना?"

"हो, माझीच."

"म्हणजे तुमच्या फायद्याचा पुरावा तुम्हीच लिहिलात."

"साहेब, मी पडायच्या सात महिने आधीची नोंद आहे ती. मी पडणार हे तेव्हा मला कसं कळावं? आणि सही व्यवस्थापकांचीच आहे. माझ्याच पेनाने केली, आणि पेन खिशाला लावून गेले. अजून दिलं नाही."

न्यायाधीश खाली मान घालून लिहीत राहिले, पण ओठांचा कोपरा हलला. नंतर व्यवस्थापक पिंजऱ्यात आला. पत्र मिळालंच नाही म्हणत तो दहा मिनिटं टिकला. मग पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर कबूल केलं की पत्र आलं होतं, मालकांनी पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं होतं.

निकाल पूर्ण टपालबाईंच्या बाजूने लागला. दोष सर्वस्वी मालकाचा, उपचारांचा खर्च आणि भरपाई त्याने द्यायची, आणि महिन्याच्या आत जिना दुरुस्त करून कोर्टाला कळवायचं. शिक्षिकाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. वर्गात शांत बसायला शिकवण्यात आयुष्य गेलेलं, तरी त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली. पट्टेवाल्याने बघितलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी टपालबाई कामावर गेल्या. आता त्यांना पत्रांच्या छाननीच्या टेबलावर बसवलं होतं. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आत पाऊल टाकताच सगळे वाटप करणारे उठून उभे राहिले. पोस्टमास्तरही आपली खोली सोडून बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, आमची माणसं रोज चढतात ते कितीतरी जिने तुमच्यामुळे आता नीट होतील. कालपासून चार मालकांचे फोन आलेत, आमच्या इमारतीत काही दुरुस्त करायचं असेल तर कळवा म्हणून."

टपालबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ताठ मानेने खुर्चीत बसल्या, आणि समोरचा पहिला गठ्ठा सोडत म्हणाल्या, "त्या चारही इमारतींतल्या दुरुस्त्यांची यादी मी संध्याकाळपर्यंत देते. तळापासून गच्चीपर्यंत."