अळणी पेज

देवदत्तांच्या टाचा फरशीला टेकलेल्याच नव्हत्या. उर्मिलाने चहाचा कप ओट्यावर ठेवला, चष्मा गाऊनला पुसला आणि पुन्हा पाहिलं. परदेशातल्या क्लेमेंटी उपनगरात, अकराव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीपाशी तिचा नवरा उभा होता आणि पाय नि फरशी यांच्यामध्ये चांगली दोन बोटं जागा होती.

"अहो, खाली या," ती म्हणाली.

"कुठून खाली?" ते वळले तेव्हा पाय जमिनीवर होते.

आता हे सांगायचं कुणाला? डॉक्टरला सांगावं, तर तो तिलाच गोळ्या द्यायचा. पण हे खूळ कुठून आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

देवदत्त तीस वर्षं जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर होते. एकदा एक अमेरिकन जहाज दोन महिने तिथे पडून होतं. त्यावरचा म्हातारा काळा कुक जॉर्जियाच्या किनाऱ्याकडचा. दुपारी तो यांच्याशेजारी डबा घेऊन बसायचा. त्याने आपल्या खापरपणजीची गोष्ट सांगितली होती. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसं गोऱ्या मालकाच्या भातखाचरात राबत होती, पाठीवर आसूड खात. एके दिवशी एका म्हाताऱ्याने गुडघाभर चिखलात उभं राहून जुन्या भाषेतला एक शब्द उच्चारला. तशी ती माणसं हातातलं काम टाकून वर उठली आणि समुद्रावरून आपल्या मुलखाला निघाली. मुकादम खालून नुसता ओरडत राहिला. पण ज्यांनी मीठ खाल्लं होतं, त्यांना काही उडता येईना. खापरपणजी पोटुशी होती, भूक आवरली नाही, खारवलेल्या मांसाचा एक तुकडा तिने खाल्ला होता. ती चिखलातून नवऱ्याला लहान लहान होत जाताना बघत राहिली.

"आम्ही त्या खाली राहिलेलीची पोरं," असं तो कुक म्हणाला होता.

पुढे देवदत्तांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरने मीठ तोडलं. वर हृदय इतकं कमजोर, की विमानाचं नावही काढू नका म्हणून बजावलं. मरायचं तर आपल्या गावी, आंजर्ल्यात, एवढंच त्यांचं मागणं होतं, तेही संपलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी यांनी ती गोष्ट धरली. लोणच्याच्या बरणीकडेसुद्धा बघेनात.

"सात महिने झाले गं अळणी खातोय. हलकं वाटतं," म्हणायचे आणि खिडकीशी जायचे.

दोन बोटांची चार बोटं झाली. यांना यांचं गाव मिळेल, पण मी? या परक्या मुलखात मी भिंतींशी बोलू? त्या दिवशी तिने पेजेत चिमूटभर मीठ टाकलं. मग रोजच टाकू लागली. तिला दोष तरी कसा द्यायचा?

त्यांना कळलं नाही, तोंडाची चव कधीच गेली होती. पाय मात्र फरशीला टेकले, मग सुजले. पंधरा दिवसांत त्यांना खुर्चीतून उठताना धाप लागू लागली. डायलिसिसची नर्स सारखी विचारायची, बाहेरचं काही खातात का. उर्मिला नाही म्हणून मान हलवायची आणि घरी येऊन मोरीत रडायची. तरी हात काही थांबला नाही.

रविवारी सकाळी देवदत्तांनी नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. तो भरून येईपर्यंत ते बघत बसले.

"पेजेत मीठ घालतेस?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. "घालते. तुम्ही निघाला होतात."

"निघालो होतो खरा."

"मला टाकून?"

"टाकून जायचं असतं तर गेल्या महिन्यातच गेलो असतो. तूही मीठ सोडशील म्हणून थांबलो होतो. सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, हसशील."

उर्मिला त्यांच्या पायांशी फरशीवर बसली. नुसतं विचारलं असतं, तर तिने मीठच काय, अन्नपाणी सोडलं असतं.

"ऊठ," ते म्हणाले. "आज पान नीट वाढ. सगळं."

तिने ताट मांडलं. वर डावीकडे मीठ, शेजारी लिंबाची फोड, लोणचं, मग भात आणि वरण. त्यांनी चिमटीने मीठ घेतलं, भातात नीट कालवलं आणि सावकाश जेवले.

"थोडा भात वाढ," ते म्हणाले.

तिने वाढला.