पुढचे दोन पाय

मी एक जुनी खुर्ची आहे. मॅपल लाकडाची, काळ्या रंगाची, पाठीवर सोनेरी अक्षरांत इस्पितळाचं नाव असलेली. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगता सांगता सगळ्यांना माफ करत जातात, असं तुम्ही वाचलं असेल. मित्रांनो, मी माफ केलेलं नाही. ज्याला केलं नाही त्या माणसाचं नाव डॉक्टर गॉर्डन प्रुइट. ते आधीच सांगून टाकते. रागाच्या भरात पुढे राहून जायला नको.

जन्म

माझा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पायांना शेवटचा पॉलिश पेपर घासला आणि मला सपाट दगडावर ठेवून चारी कोपऱ्यांतून दाबून पाहिलं. मी हलले नाही. त्या दिवशी मला माझा स्वभाव कळला.

डॉक्टर एमोस लिंडक्विस्ट यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मी भेट म्हणून मिळाले. ते बफेलोच्या या इस्पितळात पोटाच्या आणि आतड्यांच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांनी मला घरी नेलं नाही. "घरी खुर्च्या पुष्कळ आहेत, बसायलाच वेळ नाही," म्हणाले, आणि मला चौथ्या मजल्यावरच्या मुलाखतीच्या खोलीत ठेवलं. तिथून तळं दिसतं. नोव्हेंबरात दिसत नाही, बर्फ दिसतो.

कौतुक

दर वर्षी पानं गळायच्या सुमारास तरुण डॉक्टर या खोलीत येत. तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून राबलेले, आणि आता आणखी तीन वर्षं फक्त पोटाचं काम शिकायला निघालेले. फेलोशिपच्या जागा दोन, मुलाखतीला येणारे चाळीस. लिंडक्विस्ट त्यांना माझ्यावर बसवत आणि स्वतः तपासणीच्या चाकाच्या स्टुलावर बसत. मान माझा, स्टूल त्यांचं.

शेवटी ते प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत. "हे बघ, तू तुझी यादी लिहिणार, आम्ही आमची लिहिणार. दोन्हींना कुलूप लागणार. मग यंत्र दोन्ही याद्या बघून जोड्या लावणार, आणि लागलेली जोडी मोडता येत नाही. म्हणून जिथं मनापासून जायचंय ते पहिलं लिही. आम्ही तुला घेऊ की नाही, ही काळजी यंत्राला करू दे."

ऐकताना ती मुलं माझे हात घट्ट धरत. चाळीस जणांच्या घामाने दर वर्षी माझ्या हातांवरचा काळा रंग थोडा थोडा गेला आणि खालचं लाकूड मधासारखं चमकू लागलं. मला दुसरं कौतुक नको होतं.

उपेक्षा

इथे लिहायला काही नाही. उपेक्षा झाली असती तर मी सुखी असते. अडगळीतल्या खुर्चीचे पाय कुणी कापत नाही.

करवत

लिंडक्विस्ट निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी प्रुइट आला. पहिल्याच वर्षी एका शनिवारी तो एकटा आला. गोल्फच्या पिशवीतून त्याने करवत काढली, मला आडवं केलं, आणि माझे पुढचे दोन पाय पाऊण इंच कापले. कापलेली टोकं पांढरी दिसत होती, ती त्याने काळ्या मार्करने रंगवली. मग मला उभं करून माझ्या बैठकीवर पेन्सिल ठेवली.

पेन्सिल पुढे घरंगळली.

तो हसला. ते हसू मी सहा वर्षं जपून ठेवलं आहे.

पाऊण इंच म्हणजे काहीच नाही, असं तुम्हाला वाटेल. अशा खुर्चीवर चांगले कपडे घालून वीस मिनिटं बसून पाहा. माणूस नकळत पुढे घसरतो, मागे सरकतो, पुन्हा घसरतो. पाय रोवतो. आपल्याला काय होतंय हे त्याला कळत नाही, आणि समोरचा कागदावर लिहीत असतो:

*स्थिरता: पाचपैकी दोन. सारखी चुळबुळ.*

*स्थिरता: पाचपैकी एक. याला बसता येत नाही, हा पोटात दुर्बीण काय घालणार?*

*स्थिरता: पाचपैकी*

तो कागद उमेदवाराच्या गुडघ्याआड गेला, पुढचं मला दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती.

पाय कापले ते मी एक वेळ सोसलं असतं. त्याने मला खोटी साक्ष द्यायला लावली. दोनशेहून जास्त मुलांविरुद्ध मी साक्ष दिली, आणि त्यांतलं प्रत्येक मूल घरी जाऊन म्हणालं असेल, चूक माझीच होती.

कॉरिन

कॉरिन नोवाचेक याच इस्पितळात निवासी डॉक्टर होती. दोन वर्षं तिने प्रुइटचं संशोधन केलं. म्हणजे काम तिने केलं, प्रुइटने नाव दिलं. तिला पोटाची डॉक्टर व्हायचं होतं आणि बफेलो सोडायचं नव्हतं. तिचे वडील वॉल्ट एकटे होते, आणि गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं.

तिला नऊ ठिकाणांहून मुलाखतीची बोलावणी आली. प्रुइटने तिला इथेच बोलावलं.

"नऊ ठिकाणी कशाला धावतेस, कॉरिन? तू आमचीच आहेस."

"म्हणजे नक्की समजू, सर?"

"मी तुला आणखी काय सांगू? आम्हाला पहिलं लिहिणार ना?"

हा प्रश्न विचारायला नियमाने बंदी आहे. कॉरिनला ते ठाऊक होतं. पण समोर स्वतःचा साहेब असला की नियम आठवतो आणि तोंड 'हो' म्हणतं. तिने सहा मुलाखती नाकारल्या. पिट्सबर्ग, ऑल्बनी आणि इथली, एवढ्या तीनच दिल्या. इथल्या मुलाखतीत ती माझ्यावर बसली, आणि वीस मिनिटांत सात वेळा मागे सरकली. मी मोजलं.

यादी

नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या विभागाची यादी ठरली. खोलीत प्रुइट, दोन डॉक्टर आणि डार्लीन. डार्लीन फेलोशिपचं सगळं कार्यालय सांभाळते. मुलांची विमानं चुकली की तीच फोन घेते. लिंडक्विस्ट यांच्या वेळेपासूनची ती आणि मी अशा दोघीच उरलो आहोत.

आठ नावं झाली. आठही मोठमोठ्या ठिकाणची.

"नवव्या नंबरवर नोवाचेक," प्रुइट म्हणाला. "आणि यादी बंद. नवाच्या खाली आपण जात नाही."

"कॉरिन नववी?" डार्लीनने चष्मा काढला. "डॉक्टर, तुम्ही तर तिला..."

"ती जातेय कुठं? बाप इथं, घर इथं. आपल्याला पहिलंच लिहिणार. वरच्या आठांतले दोघं आले तर उत्तम. नाही आले तर ती आहेच खाली. जाळीसारखी."

"आणि दोघं आले तर तिचं काय?"

"पुढच्या वर्षी परत अर्ज करेल. तोवर माझे पेपर पुरे होतील."

दोन डॉक्टरांपैकी एक हसला. दुसरा खिडकीबाहेर बर्फ बघत बसला. मित्रांनो, त्याचंही मी काही विसरलेले नाही.

मला त्या क्षणी ओरडायचं होतं. खुर्ची फार तर करकरते. मी करकरले.

"ही खुर्ची टाकायला झालीय," प्रुइट म्हणाला.

उलटी

उमेदवारांच्या याद्यांना कुलूप लागायला दोन दिवस होते. कॉरिन संशोधनाचे कागद द्यायला आली. प्रुइट दुर्बिणीच्या तपासणीत होता. डार्लीन म्हणाली, "आत बस, पोरी. वेळ लागेल."

ती माझ्यावर बसली आणि घसरली. मागे सरकली, पुन्हा घसरली. या वेळी समोर कुणी नव्हतं. ती उठली, आणि वॉल्टच्या मुलीने जे करायला हवं तेच तिने केलं. वॉल्टने चाळीस वर्षं बारमधली स्टुलं आणि चर्चमधले बाक दुरुस्त केले होते. तिने मला उलटं केलं.

मागच्या पायांची टोकं गोल झिजलेली, खाली पितळी चकत्या. पुढच्या पायांना चकत्या नाहीत. टोक सपाट, सुरीने कापल्यासारखं. मार्करच्या काळ्यातून लाकडाच्या रेषा दिसत होत्या. तिने तिथे बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्या जागी कुणी हात लावला नव्हता.

तिने फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"बाबा, खुर्चीचे पुढचेच दोन पाय पाऊण इंच झिजू शकतात का?"

"दोन्ही सारखे?"

"हो. तंतोतंत."

"मग झिजलेत कसले? कापलेत. कुठल्या गाढवाची खुर्ची आहे?"

"मुलाखतीची."

"समोरच्याला घसरवायला," वॉल्ट म्हणाले. "जुनी युक्ती आहे. आणि या माणसाकडे तू तीन वर्षं बसणार?"

"तुमच्यासाठी राहतेय ना इथं."

"माझ्या नावावर खपवू नकोस हं. मला घरात पहारेकरी नको. टीव्हीवर बिल्सची फुटबॉल मॅच असते आणि बाजूची बाई जेवायला पिरोगी देते, एवढ्यावर माझं भागतं."

"बाबा, बाकी दोनच जागा आहेत माझ्याकडे. तिथं नाही लागलं तर वर्ष गेलं. कदाचित सगळंच गेलं."

"ते तू बघ. लाकडाचं मला विचारलंस, लाकडाचं मी सांगितलं."

फोन बंद झाला तेव्हा डार्लीन दारात उभी होती. मी अजून उलटीच होते, चारी पाय वर.

"डार्लीन," कॉरिन म्हणाली, "यादीत माझं..."

"यादीबद्दल मी एक अक्षर बोलू शकत नाही. तीस वर्षांत बोलले नाही, आज बोलणार नाही." तिने दार लावून घेतलं. "खुर्चीबद्दल मात्र वाट्टेल ते विचार."

"कुणी कापली?"

"ज्याला तू पहिलं लिहिणार आहेस त्याने. भुसा मीच झाडला होता."

कॉरिनने मला नीट उभं केलं, आणि कागद टेबलावर ठेवून निघून गेली. प्रुइटसाठी थांबली नाही.

बुधवार

डिसेंबरातल्या एका बुधवारी, दुपारी बारा वाजता, निकाल लागला. या खोलीत केक आणलेला होता. दोन नवीन नावं त्यावर क्रीमने लिहायची म्हणून मधली जागा मोकळी सोडली होती.

डार्लीनने पडद्यावर वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"दोन जागा," ती म्हणाली. "दोन्ही रिकाम्या."

पोटाच्या फेलोशिपची जागा रिकामी राहणं म्हणजे काय, हे या लोकांना विचारा. देशभर त्या जागांसाठी रांग असते. वरच्या आठांतला एकही आला नव्हता. तेही माझ्यावर बसून गेले होते. कुणाला कारण सांगता आलं नसेल, पण इथून बाहेर पडताना त्यांच्या पाठी दुखत होत्या, आणि ज्याच्या समोर आपण लहान झालो त्याला माणूस वर लिहीत नाही. सहा वर्षं मी मुलांविरुद्ध साक्ष देत होते असं प्रुइट समजत होता. त्याच वेळी मी त्याच्याविरुद्धही देत होते.

आणि जाळी?

प्रुइटने कॉरिनला बोलावून घेतलं. ती आली. तिचा चेहरा मला आधी वाचता आला नाही.

"बस."

"नको, सर. उभी बरी."

"तू कुठे लागलीस?"

"पिट्सबर्ग."

प्रुइटचा आवाज बारीक झाला. "आम्हाला कितवं लिहिलं होतंस?"

"डॉक्टर, हे विचारता येत नाही," डार्लीन केक झाकत म्हणाली.

"मी विचारतोय! मी तुला शब्द दिला होता. कितवं? दुसरं? तिसरं?"

"लिहिलंच नाही, सर."

"शेवटचं तरी?"

"शेवटचं लिहिलं असतं, तर बाकी दोन्हीकडे हुकल्यावर तुम्ही मिळाला असतात."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला हसता येत नाही. पण त्या दुपारी माझ्या सांध्यांतला डिंक ऊन पडल्यासारखा सैल झाला.

विनंती

प्रुइट अजून प्रमुखच आहे. पाय कापणाऱ्यांना लगेच काढत नाहीत, आधी समिती नेमतात. दोन्ही जागा रिकाम्या का राहिल्या, हे ती तपासते आहे. मला फेकून द्यायचा हुकूम त्याने दिला होता. डार्लीनने माझ्या पाठीवर चिठ्ठी लावली, 'चौकशीसाठी राखून ठेवली आहे', आणि मला आपल्या टेबलाशेजारी आणून ठेवलं. कॉरिन दर दुसऱ्या रविवारी पिट्सबर्गहून वडिलांना भेटायला येते. साडेतीन तासांचा रस्ता, बर्फ असला तर पाच. हा रस्ता तिला प्रुइटमुळे पडला, हेही मी विसरणार नाही.

परवा ती डार्लीनला म्हणाली, "बाबा म्हणतात, खुर्ची घरी पाठवा. नवे तुकडे जोडतो. एका हातानेही जमेल."

वॉल्टचे उपकार मी मानते. चांगल्या माणसाच्या हाताखाली जायला कुणाला आवडणार नाही?

अशा कहाण्यांच्या शेवटी जुन्या वस्तू सांगतात, आमची निगा राखा, आम्हाला तेल-पाणी करा, टाकून देऊ नका. मीही एक विनंती करते. आधी तुमच्यासाठी: यादी करताना, ज्याच्याकडे जायचंच नाही त्याला राग म्हणून शेवटी लिहू नका. त्याचं नावच लिहू नका. आणि कुणी फार प्रेमाने 'बस' म्हणालं, तर बसण्याआधी खुर्ची एकदा उलटी करून बघा.

आता माझ्यासाठी. समितीसमोर त्या दोनशे मुलांच्या वतीने बोलायला माझ्याजवळ तोंड नाही. कापलेले दोन पाय आहेत. तेव्हा तुम्हाला माझी खरोखर काळजी असेल, तर कृपा करून मला दुरुस्त करू नका.