लोपेटीमामांचे पांढरे डोळे

“उतर पिवळ्या, उतर रे, बोटाबोटांतून झर रे,
आलास तसा मागल्या पायी समुद्रापार सर रे!”

किती वर्षं झाली, पण मोसेसेचा तो गोड, ओला आवाज अजून माझ्या कानात आहे. चर्चमागच्या हॉलमध्ये, द्राक्षमळ्यांतल्या कामावरून सुटलेली आम्ही सगळी टोंगन बेटांवरची माणसं दाटीवाटीनं बसलो होतो. पुढं परात, परातीत नितळ पाणी. क्वीन्सलंडहून आलेला वैदू मोसेसे आजाऱ्याच्या हातांना कसलासा रस चोळायचा, हात परातीत बुडवायचा, आणि पाणी पिवळंधमक! “निघाला रोग!” म्हणताच सगळा हॉल गाऊ लागायचा.

पुरावा शेजारीच बसलेला. माझे लोपेटीमामा. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर. महिन्याभरापूर्वी डोळे हळदीसारखे पिवळे होते; मोसेसेनं हात धुतले आणि थोड्याच दिवसांत पांढरे झाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एरवी हसले असते. पण पुढच्या बाकावर मेलेआने होती. चर्चमध्ये गाणारी, आता आवाज उरलेला नाही, आजार तोच. मेलबर्नच्या हॉस्पिटलात नव्या औषधाच्या चाचणीत तिला जागा मिळाली होती. तिथल्या नर्सनं राहण्याची, दुभाष्याची सोय लावून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची बस होती, आणि तिनं भरलेली बॅग रिकामी केली होती.

“नर्सला विचारलं, बरी होईन का? तर म्हणे, सांगता येत नाही, तेच तर तपासतोय,” मेलेआने म्हणाली. “हा बघ कसा छातीठोक सांगतो!”

मी उठले. “मोसेसे, माझे हात धू.”

“पोरी, तुला कुठं कावीळ झालीय?”

“तेच बघायचंय.”

“धू की!” मागून कुणीतरी ओरडलं. “घाबरतोस काय?”

त्याला धुवावेच लागले. पाणी पिवळंधमक.

“अरे देवा, बाईंनाही कावीळ!” हॉल खदखदून हसला.

“परातीत चुन्याची निवळी आहे,” मी म्हटलं, “आणि रस आंब्याच्या सालीचा. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळं होतं. आजारी हात असोत की धडधाकट.”

मोसेसे जागचा हलला नाही. “पाण्याचं सोड. लोपेटीच्या डोळ्यांचं काय?”

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामा जमिनीकडे बघत होते.

आमच्यात भाचीचा मान मोठा. तिनं मागितलेलं मामाला नाकारता येत नाही, मग ती ऐन पंगतीत भाजलेलं अख्खं डुक्कर का उचलून नेईना. इतक्या थकलेल्या माणसावर तो हक्क चालवताना माझी मलाच लाज वाटली.

“मामा, मी मागतेय. खरं सांगा.”

त्यांनी मान वर केली.

“मोसेसे यायच्या आदल्या आठवड्यात,” ते म्हणाले, “हॉस्पिटलात माझ्या पित्ताच्या वाटेत नळी बसवली. घशातून दुर्बीण घालून. गाठीनं वाट दाबली होती, पित्त तुंबून अंगभर पसरलं होतं. नळीनं वाट मोकळी झाली. डोळे हळूहळू पांढरे होतील, असं डॉक्टर म्हणालेच होते.”

“मग बोलला का नाहीस?” मेलेआनेनं विचारलं.

“तुम्ही गात होता गं. एवढी माणसं माझ्यासाठी आनंदानं रडत होती. तोंडच उघडेना. आणि मग तू माझ्या डोळ्यांकडे बघून बॅग रिकामी केलीस. ते पाप माझ्या माथी.” “नर्सला ठाऊक नव्हतं, तर तिनं ठाऊक नाही म्हणून सांगितलं. अशा माणसाकडे जा. कदाचित गुण येणारही नाही. पण काय झालं ते तुला कुणी खोटं सांगणार नाही. सकाळची बस धर.”

मेलेआने उठून त्यांच्याजवळ येऊन बसली.

“पण ह्यानं हात धुतल्यावर तुझं दुखणं तरी थांबलं ना, लोपेटी?”

“नाही गं,” मामा म्हणाले. “एक रात्रसुद्धा नाही.”