रातूंचा आवाज आणि देवमाशाचा दात

अकराव्या दिवशी आमचं अख्खं गाव सभागृहात चटयांवर दाटीवाटीनं बसलं होतं. समोर कॉम्प्युटर किंचाळत होता. ट्यॅं, ट्यॅं, ट्यॅं! मी जन्मभर पुष्कळ थापा मारल्या. शार्कच्या पाठीवर बसून शेजारच्या बेटावर जेवायला गेलो होतो, हे तर गावातली पोरं अजून खरं मानतात. पण त्या आवाजानं माझी पाचावर धारण बसली होती, ही थाप नव्हे.

आमचे मोठे रातू, म्हणजे बेटाचे सरदार, वारले होते. शंभर रात्रींचं सुतक चालू होतं. या दिवसांत मोठ्यानं हाक मारायची नाही, नगारा वाजवायचा नाही आणि रातूंच्या नावानं राखलेल्या पाण्यात मासे धरायचे नाहीत. आणि नेमका हा डबा, रातूंनीच हट्टानं आणवलेला, बटण दाबलं की सुरू व्हायचा नाही, नुसता बोंबलायचा.

गावचा कारभारी मी. रातू गेले त्याच दिवशी त्यांच्या इतर वस्तूंसारखा कॉम्प्युटरलाही मीच मान दिला होता. पडद्यापासून कीबोर्डपर्यंत झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड पांघरलं आणि पुढ्यात, कापडावरच, देवमाशाचा दात ठेवला. चांगला वीतभर, हाताला जड. आमच्याकडे याहून मोठा मान नाही. आणि असं पांघरलेलं कापड शंभर रात्री कुणी उचलायचं नाही.

त्या दाताची काथ्याची दोरी हातात धरून अपाकुकी बसला होता. हा आमचा झाडपाल्याचा वैद्य.

“घाबरू नका,” तो अशा आवाजात म्हणायचा की न घाबरलेल्यानंही घाबरावं. “रातू आता विजेत राहतात. छपरावरच्या काचांतून ऊन पितात, तारेतून खाली उतरतात. मला त्यांची भाषा येते.”

“कधी शिकलास रे?” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“काल. जेवण झाल्यावर.”

कुणीही हसलं नाही. यावरून आमची दशा ओळखा.

अपाकुकीनं दोरी कपाळाला लावली. आवाज थांबला. “रातू, राखलेल्या पाण्यात उतरून तुमचं सुतक कुणी मोडलं? पुरुष?”

चिडीचूप.

“बाई?”

ट्यॅं!

“विधवा? परक्या बेटावरून लग्न होऊन आलेली?”

ट्यॅं, ट्यॅं, ट्यॅं!

अशी गावात एकच होती. सगळ्यांच्या माना वासेमादाकडे वळल्या. तिच्या नवऱ्याची कबर इथं, घर इथं, नवऱ्यानं मागं ठेवलेला अळकुड्यांचा मळा इथं. मळ्याला लागून अपाकुकीचा मळा आहे, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

“गेले असेन... एक खेकडा धरला असेन. रातू म्हणतात म्हणजे धरलाच असेन.”

गुडघ्यापायी ती ईस्टरपासून किनाऱ्यावर उतरलेली नव्हती. पण भीती माणसाकडून न केलेलं पापही वदवून घेते.

“आजच्या बोटीनं तिला घालवा,” अपाकुकी माझ्याकडे बघत म्हणाला. “नाहीतर रातू घरटी एक माणूस मागतील.”

त्याच सकाळी माझ्या सुनेला ताप भरला होता. मी होकारार्थी मान हलवली. वासेमादा आपली चटई गुंडाळू लागली.

तेवढ्यात बोट लागली आणि तिच्यातून आमची नर्स तोरिका उतरली. पंधरा दिवस मोठ्या बेटावर शिकायला गेली होती. दारात थबकून तिनं ती किंचाळी ऐकली, वासेमादाची वळकटी पाहिली, आणि मला म्हणाली, “काका, पडद्यावर काय लिहिलंय?”

“पडद्यावर? अगं, कापड आहे ना!”

“म्हणजे अकरा दिवसांत कुणी बघितलंच नाही?”

“हात लावू नकोस पोरी! मरशील!” मी ओरडलो. सुतकात, भर सभागृहात.

तीही इथलीच पोर. तिचा हात पानासारखा थरथरत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं गुडघे टेकले, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या, दोन्ही हातांनी दात उचलून चटईवर ठेवला. किंचाळी बंद. मग तिनं डोळे मिटले आणि कापड ओढलं.

कुणी मेलं नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. तोरिकानं मोठ्यानं अर्थ सांगितला, “कीबोर्डची कळ दाबलेली राहिली आहे. तपासा. मग एफ-वन दाबा.”

तिनं दाबलं. डबा गुणगुणला आणि पडद्यावर रातूंनी लावलेला त्यांच्या होडीचा फोटो उमटला.

“रातू निघून गेले! हिच्या पायगुणानं!” अपाकुकी बोंबलला.

“थांबा, परत बोलावते.” तोरिकानं डबा बंद केला, दात कीबोर्डवर ठेवला, बटण दाबलं. ट्यॅं, ट्यॅं! दोरी वासेमादाच्या हातात दिली. “काकू, जरा वर ओढा.”

वासेमादानं ओढली. शांत. सोडली. ट्यॅं! पुन्हा ओढली. शांत. आठ-दहा वेळा केलं तिनं. प्रत्येक वेळी तिचा हात जरा कमी कापत होता.

“म्हणजे,” ती हळूच म्हणाली, “मी खेकडा धरलाच नाही?”

“नाही, काकू.”

मग ती अपाकुकीकडे वळली. “मेल्या, अळकुड्या हव्या होत्या तर मागायच्या होत्यास!”

अकरा दिवसांनी गाव पहिल्यांदा हसलं. अपाकुकी मागच्या दारानं सटकला. बोटीनं भोंगा दिला आणि ती वासेमादाला न घेता गेली. तिची वळकटी मी स्वतः तिच्या घरी पोचवली. सुनेला तोरिकानं गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला.

दात मीच ठेवला होता, कापड मीच पांघरलं होतं, आणि एका निरपराध बाईला हाकलायला मानही मीच हलवली होती. यंत्र बिचारं स्वतःचं दुखणं अकरा दिवस लिहून दाखवत होतं. म्हणून हात जोडून सांगतो, माझ्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, पण एवढं करा. भीती वाटली तर वाटू द्या, हात कापला तर कापू द्या. पण कुणाला घराबाहेर काढण्याआधी कापड उचलून बघा.